हँडीकॅमच्या कॅसेटी, चार पिनांची वायर आणि आपल्या माळ्यावरच्या केबली

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, जरा अडलंय म्हणून लिहितेय, लांबलचक झालंय पण वाचा प्लीज.

चिपळूणच्या घराला रंग काढायचा म्हणून माळा रिकामा केला तर बाबांचा २००३ सालचा हँडीकॅम सापडला, चार्जरसकट, आणि प्लास्टिकच्या डब्यात ११ मिनी डीव्ही कॅसेटी. २०२१च्या पुरात खालचं सगळं गेलं, अल्बमसुद्धा, माळ्यावरचं तेवढं वाचलं. ताईचं लग्न आहे, घरचे गणपती आहेत आणि एक अख्खी कॅसेट आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची. आजीला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाहीये.

कॅमेरा चालू होतो, त्याच्या छोट्या स्क्रीनवर कॅसेट दिसते, आवाजही येतो. पण लॅपटॉपवर घेता येत नाहीये. कॅमेऱ्याला एक यूएसबीचं भोक आहे, त्याला वायर लावली तर मेमरी कार्डातले चार फोटो दिसतात, व्हिडिओचं नावच नाही. शेजारी अजून एक बारीकसं भोक आहे, त्यावर डीव्ही लिहिलंय. दुकानात नेऊन दाखवलं तर त्यांनी एक कन्व्हर्टर दिला, एका बाजूला ते बारीक टोक आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी. लावला, लॅपटॉपला काहीच कळत नाही. दुकानदार म्हणतो कॅमेरा खराब झालाय. खरंच खराब असेल का? आणि ते डीव्हीचं भोक नक्की काय आहे?

शूटिंगवाला

ताई, सगळ्यात आधी तो कन्व्हर्टर काढून ठेवा आणि परत लावू नका. कॅमेरा ठणठणीत आहे.

मी सांगलीला १९९९पासून लग्नाचं शूटिंग करतोय, पहिली दहा वर्षं सगळी ह्याच कॅसेटवर. ते बारीक भोक म्हणजे फायरवायर, त्याचं सरकारी नाव आयईईई १३९४, सोनीवाले त्यालाच आय-लिंक म्हणायचे आणि आम्ही नुसतं 'डीव्ही केबल'. कॅमेऱ्याच्या बाजूला ४ पिना, कॉम्प्युटरच्या बाजूला ६. जास्तीच्या दोन पिना करंटसाठी, कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी असते म्हणून त्याच्याकडे त्या ठेवल्याच नाहीत. तुम्हाला दिलाय तो कन्व्हर्टर म्हणजे आत नुसत्या वायरी जोडलेल्या आहेत, ह्या टोकाच्या चार त्या टोकाच्या चारला. फायरवायर आणि यूएसबी ह्या दोन वेगळ्या भाषा आहेत, वायरीला वायर जोडून भाषांतर होत नाही, उलट कॅमेऱ्याच्या पोर्टची चिप उडायची भीती. असले कन्व्हर्टर अजून सगळीकडे विकले जातात आणि लोक बिचारे चांगले कॅमेरे भंगारात देतात.

यूएसबीवरून कॅसेट का येत नाही, तर त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबी फक्त फोटोंसाठी दिलं होतं. काही मॉडेल वेबकॅमसारखं चित्र देतात पण ते अगदी हलकं. कॅसेटवर जे भरलंय ते मुळातच डिजिटल आहे, सेकंदाला २५ मेगाबिट व्हिडिओ, आणि फायरवायरमधून ते जसंच्या तसं, बिट न बिट उतरतं. एका तासाला साधारण १३ जीबी. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने घेतलं तर आधी डिजिटलचं अॅनालॉग आणि मग परत अॅनालॉगचं डिजिटल, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. ११ कॅसेटींसाठी तसं करू नका.

तुम्हाला पाहिजे डेस्कटॉप, त्यात फायरवायरचं कार्ड, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं, आणि ४ पिन ते ६ पिन केबल. कॅमेरा बंद ठेवून केबल लावायची, मग चालू करायचा. ६ पिनांचं टोक उलटं घुसवायचं नाही, सॉकेट ढिला असला की जोर लावल्यावर उलटं बसतं आणि करंटच्या पिना भलतीकडे टेकतात. आमच्या व्यवसायात कितीतरी कॅमेऱ्यांचे पोर्ट असेच मेले.

शेवंती

दादा किती धन्यवाद! डोळ्यात पाणी आलं खरंच, कॅमेरा खराब म्हटल्यावर मी आशाच सोडली होती. डेस्कटॉप ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे आहे. कार्ड शोधते.

नवाकोरा

माझा जन्म २००२चा त्यामुळे हे फायरवायर प्रकरण कधी पाहिलंच नाही. पण एक कळत नाही, यूएसबी १९९६लाच आली होती ना? मग २००३च्या कॅमेऱ्याला वेगळं पोर्ट कशाला? एकच ठेवायचं. आता बघा टाइप-सी आलं, फोन, लॅपटॉप, इअरफोन, सगळं एकाच वायरवर. हे पन्नास प्रकार बनवणाऱ्यांनी लोकांना नुसता त्रास दिला असं माझं मत.

सॅनहोजेकर

नवाकोरा, प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो, मी हार्डवेअरमधेच आहे.

यूएसबी १.० जानेवारी १९९६ची. त्यामागे ७ कंपन्या होत्या, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, डेक, आयबीएम, एनईसी आणि नॉर्टेल. इंटेलमधे ह्या कामाच्या मुळाशी होते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, म्हणून मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. भट्टांची कल्पना अशी होती की घरातल्या माणसाला प्रिंटर जोडता आला पाहिजे, त्यासाठी खोका उघडून जंपर (आतल्या बोर्डवरची सेटिंग बदलायची बारीक टोपणं) बदलायची वेळ येता कामा नये.

पण पहिल्या यूएसबीचा वेग किती, तर सेकंदाला १२ मेगाबिट, आणि कीबोर्ड-माउससाठी फक्त १.५. शूटिंगवाला म्हणतायत तो व्हिडिओच २५ मेगाबिटचा, म्हणजे त्या नळीतून तो जाऊच शकत नव्हता. फायरवायर १९९५लाच ४०० मेगाबिट होती. यूएसबी २.० ने ४८० गाठले एप्रिल २०००मधे, तोवर सगळे कॅमेरेवाले फायरवायरवर बसले होते. शिवाय रचनाच वेगळी. यूएसबीमधे एक कॉम्प्युटर मालक आणि बाकी सगळे चाकर, मालकाने विचारल्याशिवाय चाकराने बोलायचं नाही. ह्यामुळे माउसमधली चिप स्वस्त झाली. फायरवायरमधे सगळे बरोबरीचे, मधे कॉम्प्युटर नसला तरी दोन कॅमेरे एकमेकांना जोडून कॅसेटवरून कॅसेट उतरवता यायची. म्हणून चिप महाग. त्यात अॅपलने सुरुवातीला प्रत्येक पोर्टमागे १ डॉलर मागितला, नंतर तो प्रत्येक उपकरणामागे २५ सेंटवर आला, पण तोवर व्हायचा तो परिणाम झाला होता. जे तंत्र सरस होतं ते हरलं, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि यूएसबी तरी लगेच कुठे चालली? एप्रिल १९९८मधे शिकागोच्या कॉमडेक्स ह्या कॉम्प्युटर प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवताना स्कॅनरची यूएसबी वायर लावली आणि बिल गेट्स शेजारी उभे असताना पडद्यावर निळा स्क्रीन आला. पोर्ट मदरबोर्डवर होते पण त्याला लावायला वस्तूच नव्हत्या. ऑगस्ट १९९८च्या आयमॅकमधे जुने सगळे पोर्ट काढून फक्त यूएसबी ठेवलं, तेव्हा कुठे कंपन्यांनी प्रिंटर, कीबोर्ड, झिप ड्राइव्ह यूएसबीत काढायला घेतले.

अक्षरजुळणी

शिवाय 'त्रास दिला' म्हणू नका हो. मी पुण्यात आप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची अक्षरजुळणी करते, १९९४पासून. आमच्या वेळी प्रत्येक भोकाचा आकार वेगळा होता हीच सोय होती. कीबोर्डचं टोक जाड गोल, ५ पिनांचं. नंतर १९८७च्या आयबीएम पीएस/२ वरून आलेलं बारीक गोल, ६ पिनांचं, ते आपल्याकडे पोचायला वेळ लागला. पुढे त्यांना रंग दिले, कीबोर्ड जांभळा, माउस हिरवा, मॉनिटर निळा, प्रिंटर गुलाबीसर. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलीला मी एकदाच सांगायचे, रंगाला रंग लाव, आणि ती अख्खा कॉम्प्युटर जोडायची.

फक्त एक, कॉम्प्युटर चालू असताना पीएस/२चा कीबोर्ड काढायचा-लावायचा नाही. ते पोर्ट त्यासाठी बनवलेलंच नव्हतं, मदरबोर्डवरचा बारीक फ्यूज उडायचा आणि मग कीबोर्ड, माउस दोन्ही बंद.

आता मुद्द्याचं, मराठी माणसाला प्रिंटर पोर्टची खरी किंमत कशाने कळली तर डोंगलने. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलं की त्याबरोबर काडेपेटीएवढा एक ठोकळा यायचा, २५ पिनांचा, तो प्रिंटरच्या पोर्टला लावायचा आणि त्याच्या पाठीला प्रिंटरची वायर. ठोकळा नाही तर मराठी नाही. आम्ही रात्री दुकान बंद करताना तो काढून गल्ल्यात ठेवायचो, दागिन्यासारखा. २००८च्या सुमारास नवीन मशीन घेतलं तर मागे प्रिंटर पोर्टच नाही! यूएसबीतून पॅरलल करणारी वायर आणली, प्रिंटर छान चालला, डोंगल काही केल्या ओळखेना. पंधरा वर्षांच्या दिवाळी अंकांच्या फाइली त्या फॉन्टमधे, आणि उघडायचं कशात? शेवटी जुना मदरबोर्ड शोधून आणला. तो संगणक अजून ठेवलाय, महिन्यातून एकदा चालू करते.

डोंगल का ओळखत नव्हता ते मला आजपर्यंत कोणी नीट सांगितलेलं नाही.

तंत्रनिकेतन

ताई, मी सांगतो. तुमच्या डोंगलचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टशी थेट बोलायचं. मदरबोर्डवरच्या पॅरलल पोर्टला एक ठरलेला पत्ता असतो, बहुतेक वेळा ३७८ हेक्स. सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जाऊन एकेक पिन वरखाली करायचं आणि ठोकळा काय उत्तर देतो ते बघायचं. यूएसबीची जी वायर तुम्ही आणलीत ती कॉम्प्युटरला फक्त एवढंच सांगते की मी एक प्रिंटर आहे, मला छापायचा मजकूर द्या. त्या पत्त्यावर तिथे कोणी राहतच नाही. म्हणून प्रिंटर चालला, डोंगल नाही. मदरबोर्डच्या पीसीआय स्लॉटमधे (जास्तीची कार्डं बसवायची खाच) बसणारं पॅरलल कार्ड घेतलं असतंत तर काही डोंगल चालले असते, तेही पत्ता जुळला तर.

विषय निघालाच आहे तर मुलांना वर्गात सांगतो ते इथे लिहितो, कारण 'आधी २५ पिना होत्या, मग ४ कशा पुरल्या' हा प्रश्न दरवर्षी येतो.

प्रिंटरचं ते पोर्ट मुळात सेंट्रॉनिक्स कंपनीच्या १९७०च्या प्रिंटरचं, प्रिंटरकडे ३६ पिनांचं रुंद टोक आणि दोन बाजूंना तारेच्या कड्या. आयबीएमने १९८१च्या पीसीत तेच २५ पिनांत बसवलं. त्यात ८ वायरींवरून ८ बिट एकाच वेळी जातात, आणि स्ट्रोब नावाची एक वायर सांगते की आता वाचा. ऐकायला वाटतं ८ वायरी म्हणजे ८ पट वेग. हळू चालवलं तर खरंच तसं असतं. लेझीमची आठ जणांची ओळ डोळ्यासमोर आणा, ढोल संथ असला की आठही पाय एकदम पडतात. ढोलाचा ठेका दुप्पट करा, चौपट करा, मग कोणाचा पाय आधी पडतो कोणाचा उशिरा. वायरींचंही तसंच, कोणती केसभर लांब, कोणती शेजारणीच्या सिग्नलने ढवळलेली, आठ बिट एका क्षणी पोचत नाहीत आणि वाचणाऱ्याला सगळ्यात मागच्यासाठी थांबावं लागतं.

हार्ड डिस्कच्या चपट्या पट्टीत हे अगदी उघड दिसलं. ४० वायरींची पट्टी, एका कडेला लाल रेघ म्हणजे १ नंबरची पिन. वेग सेकंदाला ६६ मेगाबाइटवर न्यायचा ठरला तेव्हा पट्टीत ८० वायरी कराव्या लागल्या, पण टोकाला पिना ४०च! जास्तीच्या ४० वायरी नुसत्या ग्राउंडच्या, दोन सिग्नलांच्या मधे भिंत म्हणून. लांबीही १८ इंचांपुढे न्यायची नाही. म्हणजे बघा, अर्ध्या वायरी फक्त एकमेकींचा त्रास होऊ नये म्हणून घातलेल्या. २००३ला त्या पट्टीच्या जागी साटा नावाची बारीक वायर आली, ७ पिना, लांबी १ मीटर आणि वेग जास्त.

युक्ती अशी की एक बिट दोन वायरींवरून पाठवायचा, एकीवर सरळ आणि दुसरीवर बरोबर उलटा. बाहेरून जो गोंगाट शिरतो तो दोघींवर सारखाच शिरतो. पलीकडे दोघींची वजाबाकी केली की गोंगाट आपोआप जातो आणि सिग्नल तेवढा राहतो. दोघींना पीळ दिला की अजून चांगलं. एकटा पळणारा माणूस, त्याला कोणाच्या पावलाशी पाऊल जुळवायचं नाही, तो कितीही जोरात पळू शकतो. यूएसबी, साटा, फायरवायर, एचडीएमआय सगळ्यांच्या पोटात हीच जोडी आहे.

अक्षरजुळणी

सर, सोळा-सतरा वर्षांनी उत्तर मिळालं. मनापासून आभार.

शिरोलीचा फिटर

राम राम मंडळी. फायरवायरचं मला काय कळत न्हाई पर जुनी वायर म्हणजे भंगार असं कोण म्हणत आसंल तर त्यानं एकदा आमच्या शिरोली एमआयडीसीत येऊन बगावं.

आमच्याकडं १९९८ची सीएनसी लेथ हाय, म्हणजे प्रोग्रामवर आपोआप चालणारी लेथ, अजून मायक्रॉनला मायक्रॉन काढतीया. तिच्यात प्रोग्राम घालायचा रस्ता एकच, २५ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट, म्हणजे एकामागं एक बिट सोडणारा जुना सिरियल पोर्ट. तिची मेमरी किती तर ८० मीटर! मीटर म्हणजे खरंच मीटर, पूर्वी प्रोग्राम कागदाच्या भोकं पाडलेल्या पट्टीवर असायचा त्यामुळं मेमरी पट्टीच्या लांबीत मोजत्यात. ८० मीटर म्हणजे आजच्या भाषेत ३२ केबीच्या आसपास. मोठा डायचा प्रोग्राम त्यात मावतच न्हाई, मग लॅपटॉपवरनं वायरीतनं थोडा थोडा सोडत मशीन चालवायची. मशीनचं पोट भरलं की ती १९ नंबरचा कोड पाठवती, म्हणजे थांब, रिकामं झालं की १७, म्हणजे सोड.

ह्यासाठीची वायर मी स्वतः सोल्डर करतो. लॅपटॉपकडं ९ पिन, मशीनकडं २५. नवीन पोरं हमखास चुकत्यात, त्यास्नी वाटतं पाठवायची आनि घ्यायची वायर क्रॉस करायची म्हणजे २ ला ३ आनि ३ ला २. पर ९ पिनांत २ नंबर म्हणजे घ्यायची, आनि २५ पिनांत २ नंबर म्हणजे पाठवायची! नंबरच उलटे हायत, त्यामुळं २ ला २, ३ ला ३, आनि ग्राउंड ५ ला ७. मशीनच्या बाजूला ४-५ एकमेकास्नी जोडायच्या, आनि ६-८-२० एकत्र. झाली वायर. १५ मिनटाचं काम, पर माहीत नसलं की दोन दिवस मशीन उभी.

अजून एक जीव तोडून सांगतो. लॅपटॉपचा चार्जर लावलेला आसताना ही वायर मशीनला लावू नका. शॉपवर अर्थिंग नीट नसलं की लॅपटॉपच्या बॉडीवर करंट तरंगत आसतो, हाताला झिणझिण लागतं बगा तेच, आनि वायर लावताक्षणी ते मशीनच्या पोर्टमधनं वाट काढतं. ह्या एका चुकीनं माझ्या डोळ्यासमोर दोन बोर्ड गेल्यात, एकेका बोर्डाची किंमत लॅपटॉपपेक्षा जास्त. बॅटरीवर लावा, न्हाईतर ऑप्टो आयसोलेटर घाला मधे, त्यो सिग्नल उजेडातनं पलीकडं सोडतो, करंट न्हाई.

तंत्रनिकेतन

फिटर साहेब, तुमचा प्रतिसाद उद्या वर्गात वाचून दाखवणार. आरएस-२३२ पहिल्यांदा १९६०ला ठरलं, आणि त्यातला सी अवतार १९६९चा. म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षीचं मानक आज कोल्हापुरात काम करतंय. टिकण्याचं कारण त्याचा साधेपणा, उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०. मधलं काही नाही. मल्टिमीटर घेऊन माणसाला समजतं काय चाललंय.

जाता जाता, ९ पिनांच्या त्या टोकाला बाजारात सगळे डीबी-९ म्हणतात, खरं नाव डीई-९. कॅनन कंपनीने १९५२ला हे डी आकाराचे कनेक्टर काढले तेव्हा दुसरं अक्षर शेलच्या, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या चौकटीच्या मापाचं ठेवलं, २५ पिनांचं माप बी, ९ पिनांचं ई. ते नाव इतकं रुळलं की दुकानात डीई-९ मागितलंत तर कोणी देणार नाही, त्यामुळे डीबी-९च म्हणा.

नवाकोरा

वाचून गप्प झालो खरं सांगतो. मी 'त्रास दिला' म्हटलं ते मागे घेतो. कुठल्या भोकात काय जातं हे नुसतं बघून कळायचं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कारण माझा आत्ताचा त्रास बरोबर उलटा आहे. माझ्याकडे टाइप-सी ते टाइप-सी तीन वायरी आहेत, दिसायला अगदी सारख्या. एकीने लॅपटॉप चार्ज होतो पण बाहेरची एसएसडी रडत चालते. दुसरीने एसएसडी पळते. तिसरीने मॉनिटर लागतच नाही. आणि दाढीचा ट्रिमर आहे, त्याला टाइप-सीचं भोक आहे, पण लॅपटॉपच्या चांगल्या चार्जरने चार्ज होत नाही, जुन्या पांढऱ्या चार्जरला साध्या वायरीने होतो. हे का?

सॅनहोजेकर

ट्रिमरचं आधी सांगतो कारण हा रोग फार पसरलाय, ट्रिमर, गळ्यातले पंखे, नेकबँड, सगळीकडे.

टाइप-सीमधे २४ पिना आहेत. त्यातल्या दोन, सीसी नावाच्या, फक्त ओळख पटवण्यासाठी. टाइप-सीचा चार्जर वायर लावल्या लावल्या करंट सोडत नाही. समोर उपकरण आहे का ते तो सीसी पिनेवर बघतो. उपकरणाने तिथे ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावलेला असला पाहिजे, दोन पिनांसाठी दोन. तो दिसला की मगच ५ व्होल्ट. तुमच्या ट्रिमरवाल्याने ते दोन रेझिस्टर, ज्यांची किंमत पैशांत मोजावी, ते बसवलेच नाहीत. चार्जरला वाटतं समोर कोणी नाही. जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरमधे ५ व्होल्ट कायम चालूच असतात, तो कोणाला काही विचारत नाही, म्हणून तिथून चार्ज होतो. ही चूक नामवंतांनाही चुकली नाही, २०१९च्या रास्पबेरी पाय ४ ह्या छोट्या एका-बोर्डाच्या कॉम्प्युटरमधे दोन्ही पिनांना मिळून एकच रेझिस्टर लावला होता आणि चांगल्यातल्या महाग वायरीच त्याला चालेनात, पुढच्या बोर्डात त्यांनी दुरुस्त केलं.

आता तीन वायरी. जुन्या काळी आकार म्हणजेच काम होतं, अक्षरजुळणीताई म्हणतायत तसं. टाइप-सी ऑगस्ट २०१४ला आली आणि आकार एक झाला, पण कामं शंभर राहिली. पहिली वायर चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाची एकच जुनी जोडी आहे, ४८० मेगाबिटवाली, २०००सालची. दुसरीत वेगाच्या जोड्या आहेत. तिसरीतही बहुधा त्या नाहीत, आणि त्या नसल्या की मॉनिटरचं चित्र जायला वाटच नाही. ३ अँपियरच्या वर करंट न्यायचा असेल किंवा वेगाच्या जोड्या असतील तर वायरच्या टोकात एक बारीक चिप हवी, ई-मार्कर, ती सांगते मला काय झेपतं. आता नवीन नियमाप्रमाणे वायरीवर ६० वॅट की २४० वॅट हे छापायचं असतं, आणि वेगही. छापलेलं नसेल तर घेऊ नका.

वर नावांचा घोळ. २००८ची यूएसबी ३.०, तिचंच नाव पुढे ३.१ जेन १ झालं आणि मग ३.२ जेन १. वायर तीच, वेग तोच ५ गिगाबिट. मी ह्या क्षेत्रात आहे आणि मला हे अजिबात समर्थन करण्यासारखं वाटत नाही.

शूटिंगवाला

ह्यावरून आठवलं, जुनी चौकोनी यूएसबी उलटी-सुलटी का नव्हती केली?

सॅनहोजेकर

भट्टांनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय, दोन्ही बाजूंनी बसणारी करायची तर वायरी आणि सर्किट दुप्पट, म्हणजे खर्चही वाढणार, आणि त्यांना तेव्हा ती स्वस्त करून प्रत्येक वस्तूत पोचवायची होती. पण बारकावे बघा किती सांभाळले. त्या टोकातल्या करंटच्या दोन पिना डेटाच्या पिनांपेक्षा थोड्या पुढे आहेत, त्यामुळे आधी करंट पोचतो आणि मग बोलणं सुरू होतं, म्हणून ती चालू कॉम्प्युटरला लावता येते. आणि मायक्रो यूएसबीत झिजणारी स्प्रिंग मुद्दाम वायरीच्या टोकात ठेवली, फोनच्या पोर्टात नाही. वायर झिजावी, फोन नाही. ती १०,००० वेळा लावण्यासाठी बनवलेली, जुनी चौकोनी फक्त १,५००.

शिरोलीचा फिटर

ह्ये लई आवडलं. वायर झिजावी, मशीन न्हाई.

शेवंती

अपडेट देतेय मंडळी!

कार्ड शोधायला पुण्याच्या तपकीर गल्लीत चार दुकानं फिरले, तीन ठिकाणी 'ते आता येत नाही' ऐकलं. चौथ्या दुकानातल्या काकांनी खालच्या खणातून काढून दिलं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचीच चिप, भिंगातून बघून खात्री केली. ४ ते ६ पिन केबल शूटिंगवाला दादांनी सांगलीहून कुरियर केली, पैसे घेत नाहीयेत. मैत्रिणीच्या डेस्कटॉपवर विंडोजने कार्ड ओळखलं पण कॅमेरा काही दिसेना, मग तिच्या भावाने विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकली पेन ड्राइव्हवरून आणि डीव्हीग्रॅब नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर. एक ओळ टाइप केली आणि कॅमेरा आपोआप चालू झाला, कॅसेट फिरायला लागली! वायरीतून कॅमेऱ्याला हुकूमही जातात हे मला माहीतच नव्हतं.

तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. दोन शनिवार गेले. सहस्रचंद्रदर्शनाची पूर्ण मिळाली, एकही फ्रेम न गळता. आजी ओटीवर बसून सगळ्यांना विचारतेय जेवलास का, जेवलीस का, पंगत उठेपर्यंत तेच. आईने तीन वेळा बघितली.

दोन अडचणी आहेत. ४ नंबरच्या कॅसेटवर पांढरी पांढरी बुरशी दिसतेय खिडकीतून, ती अजून लावली नाही. आणि ७ नंबर, ताईच्या साखरपुड्याची, तिच्यात चौकोन चौकोन येतायत आणि आवाज तुटतोय. बाकीच्या ठीक आहेत मग हीच का?

शूटिंगवाला

बुरशीची लावली नाहीत हे फार बरं केलंत. ती फिरवली असती तर बुरशी कॅमेऱ्याच्या हेडला (पट्टी वाचणारा भाग) लागली असती आणि तिथून बाकीच्या दहांना. कोकणातल्या प्रत्येक घरच्या कॅसेटीला हे असतंच, पावसाची हवा. ती वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, ती आधी साफ करावी लागेल, हाताने फिरवून.

७ नंबर दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यात भरली होती का? आणि एलपी मोडमधे? एका कॅसेटीत दीड तास मावावा म्हणून लोक एलपी लावायचे, त्यात पट्टीवरच्या रेघा बारीक होतात आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचं हेड त्यावर नीट बसत नाही.

शेवंती

हो! मामाच्या कॅमेऱ्यात. बाबांना विचारलं, ते म्हणाले एलपीच होता, एका कॅसेटीत सगळं बसवायचं म्हणून. मामाचा कॅमेरा पुरात गेला.

अक्षरजुळणी

शेवंती, त्या फाइली उतरल्या की दोन वेगळ्या डिस्कवर ठेव आणि एक कॉपी चिपळूणबाहेर. आणि त्या कार्डाची चिप, लिनक्सचं नाव, टाइप केलेली ती ओळ हे सगळं कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत टाक, केबलसकट. मी माझ्या डोंगलबरोबर तसाच कागद ठेवलाय.

सॅनहोजेकर

मॅकवाल्यांसाठी नोंद, पूर्वी ४ पिन ते ९ पिन (फायरवायर ८००) केबल, मग मॅकच्या थंडरबोल्ट पोर्टसाठी थंडरबोल्ट २चा जोड, मग थंडरबोल्ट ३चा जोड अशी तीन तुकड्यांची साखळी करून चालायचं. मॅकओएस २६मधे फायरवायरच काढून टाकलंय, त्यामुळे जुन्या मॅकवर जुनी सिस्टिम ठेवली असेल तर ती अपडेट करू नका. ज्यांच्याकडे कॅसेटी पडून आहेत त्यांनी ह्या वर्षीच उतरवून घ्या.

शूटिंगवाला

ताई, माझ्याकडे दोन जुने प्रोफेशनल डेक, म्हणजे कॅसेट वाजवायची मोठी मशीनं, अजून चालू आहेत, एलपी वाचणारा एक आहे त्यात, हेडची उंची थोडी हलवून बघतो. ४ आणि ७ दोन्ही माझ्याकडे पाठवा. कॅसेटी कापसात गुंडाळून कडक डब्यात, आणि उभ्या ठेवा, आडव्या नको.

शेवंती

उद्या सकाळच्या सांगली गाडीने एसटी पार्सल करतेय दादा, डब्यावर 'पावसात ठेवू नये' लिहिलंय मोठ्या अक्षरात. पावतीचा नंबर मेसेज करते.